डावी बाजू

पहाटे ३.३५

मोरीतल्या नळाला दोन गाठोडी टांगली आहेत. कापड जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. धाकट्या काकू एक गाठोडं खाली घेतात, गाठ सोडतात आणि आधी नाक लावतात. मग हात घालतात. मूग कोमट लागतात. मोड येताना कडधान्य आपलं आपणच तापतं. त्यात एप्रिलचा शेवट, पुण्यात रात्रीही उकडतंय. अशा दिवसांत गाठोडं रात्रभर तसंच ठेवलं तर मोड बेसुमार वाढतात, चिकट होतात, आंबूस वास मारतात. म्हणून साडेअकराला उठून एकदा पाण्यातून काढलं होतं.

"थंडीत ह्येलाच गोधडीत गुंडाळायचं. आता गार पाण्यानं आंघोळ घालायची," धाकट्या म्हणतात.

मोड जवाएवढे हवेत. त्याहून लांब झाले की गिऱ्हाईक बघून खूश होतं, पण दाणा पोकळ लागतो. परवा रात्री भिजवताना मूग दोन किलो होते. आता काट्यावर साडेचार किलो भरतात. वरचं सगळं पाणी.

"एवढं एकच पाणी आपल्या बाजूचं," थोरल्या आतून म्हणतात. "बाकी सगळी पाणी आपल्या विरुद्ध."

या दोघी जावा. पर्वती पायथ्याच्या एका गल्लीत शेजारी शेजारी खोल्या. गल्ली त्यांना थोरल्या आणि धाकट्या काकू म्हणते, मीही तेच म्हणतो. थोरल्यांनी बावीस वर्षं सदाशिव पेठेत घरोघरी स्वयंपाक केला. धाकट्या मंगळवेढ्याकडच्या. सहा वर्षांपूर्वी दोघींनी मिळून मोड, कोशिंबिरी आणि सॅलडचे डबे सुरू केले.

मटकीचं गाठोडं परातीत उघडलं जातं. मटकीत गणंग जास्त. न भिजलेला, खड्यासारखा राहिलेला दाणा म्हणजे गणंग. धाकट्या मटकी परातीत पसरून परात जरा तिरकी करतात, हलवतात. टणक दाणे टणटण वाजत खाली घरंगळतात, फुगलेले जागचे हलत नाहीत. किलोभर मटकीत मूठभर गणंग निघतात. सकाळची गिऱ्हाइकं बहुतेक पेन्शनीतली, अर्ध्यांना कवळी. एक गणंग राहिला तरी कुणाचा तरी दात जायचा.

४.१५

तीनचाकी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येतो. आत आधीच दोन भाजीवाल्या बसल्यात. येण्याजाण्याचे माणशी शंभर, डाग कितीही असोत. डाग म्हणजे नग. गोणी, जाळी, पाटी, काहीही.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात या वेळी दिवस ऐन भरात असतो. रविवारी आवक मोठी, शनिवारी सुट्टी, आज मंगळवार, म्हणजे मधला बाजार. मोठ्या गाळ्यावर भाव दहा किलोंचा बोलतात, पालेभाजी शेकड्यावर जाते. धाकट्यांना दहा किलो लागते ती फक्त काकडी. बाकी सगळं पाच किलो, तीन किलो, दोन गड्डे. एवढुसं देणारा गाळेवाला विरळा, म्हणून त्यांच्याकडून घेऊन वाटून विकणाऱ्यांकडे जावं लागतं. तिथं किलोमागं दोन-चार रुपये जास्त पडतात. धाकट्या त्याबद्दल काही बोलत नाहीत. पिशवी पुढं करतात.

"बाजू, बाजू!" पाठीवर पोती घेतलेले हमाल येतात. पुढचं बघायला त्यांना मान वर करता येत नाही, आपणच बाजूला व्हायचं. याच हमालांच्या पंचायतीनं, बाबा आढावांच्या पुढाकारानं, १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. यार्डात कधी वेळ मिळाला तर धाकट्या झुणका-भाकर तिथलीच खातात. आज वेळ नाही.

काकडी दहा किलो, दोनशे चाळीस. उन्हाळ्यात काकडी महाग, कारण सगळ्यांनाच हवी. धाकट्या जाडी काकडी बाजूला करतात. जाडीत बी आणि पाणी. हाताच्या पकडीत मावेल अशी हवी. गाजर पाच किलो सव्वाशे. थंडीतलं लाल गाजर संपलंय, आता हे केशरी. बीट तीन किलो साठ. कोबीचे दोन गड्डे चाळीस. टोमॅटो चार किलो ऐंशी, कांदा तीन किलो साठ. कैरी दोन किलो नव्वद. कोथिंबीर शेकडा बाराशे, त्यातल्या दहा जुड्या एकशेवीस. डाळिंब दोन किलो दोनशे चाळीस, हे एकटं काकडीएवढं. पुदिना, मिरची, आलं, कढीपत्ता धरून अकराशे पन्नास. लिंबं निराळी. तीस लिंबं, एकशे ऐंशी.

"सहा रुपयाला एक," धाकट्या लिंबू दाबून बघत म्हणतात. "पावसाळ्यात ह्येच रुपयाला दोन देत्यात आन् वर घ्या की मावशी म्हणत्यात."

५.२०

परत घरी. थोरल्यांनी तोवर भिजवलेली हरभराडाळ उपसून ठेवली आहे. मदतीची पोरगी आलीय. कॉलेज दुपारचं, म्हणून पाच ते दहा इथं. रोजचे तीनशे.

काकड्या धुवून परातीत. पोरगी सोलते. मग थोरल्या एकेक काकडी हातात घेतात, टोक कापतात, कापलेलं टोक तिथंच गोलगोल घासतात. पांढरा फेस येतो. टोक टाकून देतात. आणि मग एक पातळ चकती तोंडात. प्रत्येक काकडीची. आजच्या दहा किलोंत सत्तेचाळीस काकड्या निघाल्या, म्हणजे सत्तेचाळीस चकत्या. सोळाव्या चकतीला त्या थांबल्या, थुंकल्या, काकडी बाजूला टाकली. चूळ भरली. पुढची घेतली.

"एक कडू गेली की अख्खं पातेलं गेलं. आणि पातेलं गेलं की ते आजोबा आठ दिवस येत नाहीत."

पुढचं काम चोचवण्याचं. काकडी डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीनं तिच्यावर टचटच वार करायचे, काकडी फिरवत राहायची, मग वरचा थर उतरवायचा. बारीक, असमान तुकडे पडतात. किसणीवर हेच काम चौपट लवकर होतं. पण किसलेल्या काकडीचा लगदा होतो, पाणी लगेच सुटतं. चोचवलेली दाताखाली येते. सत्तेचाळीस वजा एक काकड्या, दोन हात, चाळीस मिनिटं. थोरल्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सुरीच्या बारीक रेघांचं जाळं झालंय. पोरीला अजून हे काम देत नाहीत. तिला गाजर दिलंय, किसणीवर.

थोरल्या हे ज्या घरी शिकल्या तिथं कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची जुनी प्रत होती, हळदीनं पिवळी झालेली. मालकीणबाई वाचून दाखवायच्या, या करायच्या. वाटी-चमच्याचं माप होतं म्हणून जमलं, म्हणतात. आता त्यांच्या वाटीच्या जागी चार लिटरचा डबा आहे.

पंगतीत पानाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. चमचा चमचा वाढायचं. जिलबीचा आग्रह होतो, भाताचा होतो. कोशिंबीर आणखी घ्याच, असं म्हणत पंगतीतून फिरणारा माणूस मी पाहिलेला नाही. या दोन खोल्यांत मात्र पहाटेपासून फक्त डावी बाजूच शिजते. शिजते म्हणणंही चूक. बरीचशी कच्चीच असते.

डाळ जाडसर वाटली. कैरी किसून घातली, मिरची, मीठ, चिमूट साखर. लोखंडी पळीत तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद. चर्र. चैत्रातली आंबेडाळ. उकाड्यात ती आठ-साडेआठच्या पुढं धरवत नाही, म्हणून अर्धा किलो डाळीचीच करतात.

काकडीला मात्र मीठ नाही. कूट, खोबरं, कोथिंबीर तयार. तूप-जिऱ्याची फोडणी छोट्या डब्यात बंद. मीठ पिशवीत. सगळं तिथं गेल्यावर.

साखरेवरून दोघींचं रोज एकदा होतं. थोरल्यांच्या मते चिमूटभर साखरेशिवाय कोशिंबिरीला चव येत नाही. धाकट्यांच्या मते गोड काकडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. शेवटी दोन पातेली. पण त्यांच्यापैकी कुणाच्या मतानं नव्हे. गिऱ्हाइकांत मधुमेहवाले फार.

६.४०

पर्वतीच्या पायऱ्या जिथं सुरू होतात, त्याच्या अलीकडे एका झाडाखाली घडीचं टेबल. पातेली, वर ओलं फडकं. द्रोणांची चवड. शेकडा ऐंशी रुपये. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तोवर यांचा धंदाच नव्हता, त्यामुळं सवय बदलावी लागली नाही.

पहिलं गिऱ्हाईक टेकडी उतरून येतं. टोपी, घाम, हातात काठी.

"काय आहे आज?"

"मूग, मटकी, काकडी, गाजर. आंबेडाळ आहे काका."

"काकडीत साखर?"

"या पातेल्यात नाही."

तीस रुपयांचा द्रोण. कुठलंही दोन प्रकारचं मिळून. धाकट्या एका वेळी पाच-सहा द्रोणांपुरतीच काकडी छोट्या पातेल्यात घेतात. मग मीठ, मग लिंबू, मग कूट, वर तूप-जिरं. डावानं दोनदा खालवर. लगेच द्रोणात. पाच मिनिटांत संपतं, पुन्हा पाच-सहा द्रोणांचं घेतात. मोठ्या पातेल्यात एकदाच मीठ घातलं असतं तर हात मोकळा राहिला असता. पण सातच्या सुमाराला तळाशी पेलाभर पाणी, आणि वर मऊ पडलेली काकडी.

कूट मी आजवर चवीसाठीच घालतात असं समजत होतो. "चव हायच. पन कूट पानी पितंय, बगा," धाकट्या म्हणाल्या. त्यांनी दोन द्रोण शेजारी ठेवले. एकात कूट, एकात नाही. दहा मिनिटांनी बिनकुटाच्या द्रोणात बोट बुडेल एवढं पाणी होतं. तो द्रोण मला दिला. फुकट नाही, तीस घेतले.

टेबलावरचा पेटीसारखा स्पीकर मधूनमधून बोलतो. तीस रुपये प्राप्त झाले. साठ रुपये प्राप्त झाले. रोख देणारे आता दहात दोन. एक आजी सुटे पैसे मोजून देतात आणि मुगाचे चार दाणे चावून म्हणतात, "आज मोड लहान." धाकट्या हसतात. आजी रोजच काहीतरी म्हणतात. पैसे देऊन झाल्यावर म्हणतात, म्हणजे तक्रार नव्हे.

साडेसात ते आठ ही खरी गर्दी. आंबेडाळ पावणेआठला संपली. आंबेडाळ संपल्यावर आलेले तीन जण नुसतंच बघून गेले.

८.३५

सहासष्ट द्रोण गेले. चार उरले. दोन झाडूवाल्या मावशींना आणि त्यांच्या जोडीदारणीला. कोपऱ्यात राहिलेली मटकी घरी, दुपारच्या उसळीला. घडीचं टेबल दुमडताना बोट चेमटतं. रोज चेमटतं, धाकट्या म्हणाल्या, बिजागिरी बदलायची आहे.

९.००

आता डबे. हे खातं धाकट्यांच्या मुलाचं. त्यानं फोनवर यादी केलीय. चौतीस. स्वारगेट, सातारा रस्ता, बिबवेवाडी. त्यानं पाठवलेल्या चित्रात लिहिलंय, 'ज्वारी मिलेट बोल'. किंमत नव्वद.

धाकट्या त्याला घुगऱ्या म्हणतात.

रात्री भिजत घातलेली दीड किलो ज्वारी दोन कुकरमध्ये लावली आहे. मालदांडी, माहेरची. सुगीनंतर भाऊ एक पोतं एसटीनं पाठवतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी सांगितलं तर धाकट्या म्हणाल्या, "मग भावात काय फरक पडला?" मला उत्तर आलं नाही. भावाकडून फुकट आली तरी वहीत ती पन्नास रुपये किलोनं लिहितात. उद्या भाऊ पाठवेनासा झाला तर धंदा तोट्यात गेल्याचं त्याच दिवशी कळावं म्हणून.

ज्वारी शिजायला वेळ खाते. आठ शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पंधरा मिनिटं, मग कुकर आपोआप पडू द्यायचा. दाणा फुलला पाहिजे, फुटता कामा नये. गावाकडं बारशाला घुगऱ्या वाटतात, कधी हरभऱ्याच्या, कधी गव्हाच्या, कधी ज्वारीच्या. मीठ घातलेल्या, ओंजळीत. "पोरगं झालं की घुगऱ्या. आता हापिसात रोजच बारसं."

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून मागणी वाढली, असं मुलाचं म्हणणं. त्याआधी डबे बारा-पंधराच जायचे आणि त्यात घुगऱ्या नव्हत्याच, नुसती कोशिंबीर आणि उसळ.

शिजलेली ज्वारी चाळणीत उपसली. खालचं दाटसर पाणी पातेल्यात झाकून ठेवलं, संध्याकाळी कढीत जाईल. दाणे फडक्यावर पसरले, वर पंखा. अर्धा तास. ओल्या दाण्यावर काही घातलं तर खिचडी होते. इकडे दही फडक्यात बांधून टांगलंय, त्याचंही पाणी निघतंय. बीट कुकरला लावलंय, सालासकट, देठाचा बोटभर दांडा ठेवून. देठ तासून लावलं तर रंग सगळा पाण्यात जातो, बीट फिकट आणि पाणी लाल. पोरीनं पहिल्या आठवड्यात तसं केलं होतं. त्या दिवशीची कोशिंबीर गुलाबी न होता मळकी झाली होती, ती अजून सांगते आणि हसते.

१०.१०

पोरगी गेली. जाताना डाळिंब सोलून गेली, बोटं तपकिरी. दोघी जावा जमिनीवर समोरासमोर बसल्यात, मधे चौतीस डबे ओळीनं. पुठ्ठ्याचे, आठ रुपयांना एक. आधी स्टीलचे डबे दिले होते, रोज परत आणायचे. दोन महिन्यांत अकरा परत आले नाहीत. अकरा डबे म्हणजे त्या वेळचे तेराशे रुपये. त्यांच्यात काय काय ठेवलं जात असेल कुणास ठाऊक.

धाकट्या ज्वारी घालतात, एकेक डाव. पाठोपाठ थोरल्या. गाजर, कोबी, काकडी, मूग, डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे. कोपऱ्यात वाटीत बीट-दही. या वेळी बोलणं नाही. हात एका तालात जातात. भिंतीवर अन्न परवान्याच्या नोंदणीचा कागद प्लास्टिकमध्ये लावलाय. नोंदणी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. त्याच्या शेजारी गणपती, त्याच्या शेजारी कॅलेंडर. कॅलेंडरवर दह्याचे लिटर लिहिलेले.

शेवटी प्रत्येक डब्यावर कागदाची एक पुडी आणि लिंबाची फोड. पुडीत मीठ, जिरेपूड. खायच्या वेळी घालायची. वर मुलानं छापून आणलेली चिठ्ठी, 'मीठ-लिंबू खाताना घाला'.

"घालत न्हाईत," धाकट्या म्हणतात. "पुडी टाकून देत्यात आन् फोन करत्यात, बेचव हाय म्हणून."

आज एकानं कळवलंय, पुडी नको, घालूनच द्या. थोरल्या डोकं हलवतात. पण गिऱ्हाईक म्हणतं तर घालायचं. एका डब्यात मीठ-लिंबू घालून झाकण लावलं, वर पेनानं फुली.

११.३५

गल्लीतली दोन पोरं दुचाकीवर. डब्यामागं वीस रुपये, पेट्रोल त्यांचं. एकाच्या मागं अठरा, दुसऱ्याच्या मागं सोळा. पिशवीत डबे रचताना थोरल्या उभ्याच आहेत. आडवा एकही जाता कामा नये. दह्याची वाटी.

पोरं गेली. घर एकदम गप्प.

१२.१५

जेवण. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. पहाटेपासून दहा किलो काकडी हाताखालून गेली, ताटात तिचा एक तुकडा नाही. मी विचारलं. थोरल्या म्हणाल्या, "सत्तेचाळीस चकत्या झाल्या की माझ्या."

१.५०

फोन वाजतो. फुलीवाला डबा. थोरल्या फोन कानापासून जरा दूर धरतात, त्यामुळं मलाही ऐकू येतं. मीटिंग लांबली, आत्ता डबा उघडला, खाली नुसतं पाणी, ज्वारी त्यात बुडालीय, पुठ्ठा फुगलाय, टेबलावर डाग पडला.

"हो साहेब. हो. नाही, चूक आमचीच. पैसे परत पाठवते."

नव्वद रुपये गेले. मीठ घालूनच द्या असं तुम्हीच सांगितलं होतं, हे त्या म्हणाल्या नाहीत. फोन ठेवल्यावरसुद्धा नाही. धाकट्या मात्र म्हणाल्या, सोलापुरीत, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग दोघी अर्धा तास आडव्या होतात. फरशीवर, चटई न घेता. फरशी गार.

३.४५

शेंगदाणे. एक किलो, एकशे चाळीस रुपये. लोखंडी कढईत मंद आचेवर. पत्र्याच्या छपराखाली दुपारी पावणेचारला शेंगदाणे भाजणं हे दिवसातलं सगळ्यात वाईट काम, असं माझं मत. काकडी चोचवण्यात हात दुखतो, इथं सगळं अंगच भाजतं. आच वाढवली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. चोवीस मिनिटं. धाकट्या पदरानं मान पुसतात आणि उलथनं थांबू देत नाहीत.

भाजलेले दाणे सुपात. गार झाल्यावर चोळायचे, पाखडायचे. टरफलं गल्लीभर उडतात, समोरच्या वहिनी दार लावून घेतात. रोजचंच आहे. कूट मिक्सरवर, पण थांबत थांबत. एकदम फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. गोळा झालेलं कूट पाणी पीत नाही.

तीन नारळ फोडून विळीवर खवले. करवंट्या धाकट्या जमवतात, थंडीत पाणी तापवायला. नारळाचं पाणी थोरल्या पितात, अर्धा पेला मला.

५.४०

वही. थोरल्या चष्मा लावतात, धाकट्या पैसे मोजतात, मुलगा फोनवरची रक्कम वाचतो. जमा, सहासष्ट द्रोणांचे एकोणीसशे ऐंशी. तेहतीस डब्यांचे दोन हजार नऊशे सत्तर. मिळून चार हजार नऊशे पन्नास.

मग खर्च, एकाखाली एक. भाजी अकराशे पन्नास. कडधान्य आणि डाळ तीनशे नव्वद. ज्वारी पंचाहत्तर. दाणे एकशे चाळीस. नारळ एकशे पाच. दही दीडशे. लिंबं एकशे ऐंशी. तेल, तूप, गॅस मिळून दोनशे धरायचे. द्रोण छप्पन्न. पुठ्ठ्याचे डबे दोनशे बहात्तर, पैसे परत केलेल्याचा पुठ्ठाही त्यात. पोरीचे तीनशे. दुचाकीवाल्यांचे सहाशे ऐंशी. टेम्पो शंभर. तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव.

राहिले अकराशे बावन्न. दोघींत पाचशे शहात्तर, पाचशे शहात्तर. घरभाडं आणि वीज या वहीत नाही. मुलाचा हिस्साही नाही. तो म्हणतो, नंतर बघू.

"डब्याचे शंभर करू," मुलगा म्हणतो.

"आन् पाच गिऱ्हाइकं गेली तर?"

"दोन जातील."

"कोन दोन, त्ये सांग आधी."

वही बंद होते. हेही रोजचंच असावं, कारण तिघांपैकी कुणाचाच आवाज चढला नाही.

७.००

फडकी. दिवसातली सात फडकी, सगळी उकळत्या पाण्यात टाकायची, साबण नाही. साबणाचा वास मोडांना लागतो. उकळून, पिळून, गच्चीवर. उन्हाळ्यात रात्रीच्या वाऱ्यावर तासाभरात खडखडीत. पावसाळ्यात हीच फडकी गॅसशेजारी दोरीवर वाळवावी लागतात आणि तरी दमट राहतात. दमट फडक्यात मोड आले की तार सुटते. मागच्या जुलैत तीन दिवसांची मटकी अशी फेकली. ती तीन दिवस वहीत आहेत, फक्त खर्चाच्या बाजूला.

सुरीला धार. विळीच्या पात्याला चिंच. पराती उन्हाच्या अंदाजानं सकाळीच बाहेर ठेवायच्या, म्हणून आता दाराशी.

९.१५

उद्याचं. म्हणजे उद्याचं आणि परवाचं. सकाळी गडबडीतच बांधलेली मूग-मटकी नळाला लटकतेय, ती उद्या विकायची. दोन्ही गाठोडी पाण्यातून काढून पिळून पुन्हा टांगली. परवाची आत्ता भिजणार. दोन किलो मूग, एक किलो मटकी, निवडून, तीनदा धुऊन. चौथ्या पाण्यात ठेवायची. ज्वारी उद्याचीच. ती आता पातेल्यात, वर चार बोटं पाणी. हरभराडाळ पहाटे उठल्याबरोबर उपसायची, म्हणून झोपायच्या आधी शेवटी.

थोरल्या त्यांच्या खोलीत गेल्या. जाताना म्हणाल्या, उद्या काकडी बारीक बघून आण, आजच्यात बी फार.

९.५०

मुलगा दारातून फोन दाखवतो. उद्याची यादी. तेहतीस, आणि आत्ताच एक वाढला. फुलीवाला. खाली ओळ लिहिलीय, 'मीठ वेगळं द्या.'

धाकट्या ज्वारीच्या पातेल्यावरचं झाकण काढतात. डब्यातून एक मूठ ज्वारी घेतात, ओंजळीत नळाखाली धुतात, पातेल्यात सोडतात. पाणी बघतात, आणि पेलाभर वर घालतात. नळ नीट बंद करतात. गाठोडी अजून ठिबकत असतात. खाली बादली सरकवतात आणि तिच्यात एक जुनं फडकं टाकतात, आवाज होऊ नये म्हणून.